स्पीकर का गुणगुणतो? आधी ऐका, मग खर्च करा

संगणकावर काहीच वाजत नसताना स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत राहिला, की काही घरांत तो अंगवळणी पडतो आणि काही घरांत नवे स्पीकर येतात. नवे स्पीकर आणूनही घूं घूं जशीच्या तशी राहिली, की माणूस चक्रावून जातो. पण हे अनेक घरांत होतं, कारण दोष पुष्कळदा स्पीकरमध्ये नसतोच. तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये, लॅपटॉपच्या अॅडॅप्टरमध्ये, पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये किंवा टीव्हीच्या केबलमध्ये असतो. स्पीकर फक्त तो ऐकवतो.

म्हणून या लेखाचा आग्रह एकच आहे. आवाजाचं मूळ सापडल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. मूळ शोधायला कान आणि थोडा धीर पुरतो. स्पीकर उघडण्याची गरज नाही, आणि उघडूही नका.

अलिबागचा धडा

विजेमुळे होणारा गोंगाट आपल्या रायगड जिल्ह्याला शंभर वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामच्या विजेमुळे या नाजूक नोंदी बिघडणार, हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी आधीच ओळखलं. मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवर अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली आणि १९०४ मध्ये तिचं काम सुरू झालं. कुलाब्याची उपकरणं मात्र लगेच बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्या ताडून पाहिल्या गेल्या. १९०७ मध्ये विजेच्या ट्राम धावू लागल्या, तेव्हा अलिबागच्या नोंदींना त्यांची बाधा झाली नाही. हे काम पुढे नेणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आज नवीन पनवेलमध्ये आहे.

आपल्या टेबलावरच्या स्पीकरलाही हीच पद्धत लागू पडते. गोंगाट कुठून येतो ते ओळखायचं, बदलाआधी आणि बदलानंतर ताडून पाहायचं, आणि शक्य असेल तिथे गोंगाट करणाऱ्या वस्तूपासून अंतर वाढवायचं.

आधी आवाज ओळखा

आवाजाची जात कळली की अर्धं काम झालं. खोलीतला पंखा बंद करा, काहीही वाजवू नका आणि स्पीकरजवळ कान न्या.

• सलग, जाड घूंऽऽ: घरातल्या विजेचा आवाज. आपला पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आहे. त्यामुळे ही गुणगुण ५० किंवा त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची असते.
• टोकदार, किरकिरी झर्रर्र (ती ऐकायला पंखा पुन्हा मंद वेगावर लावा): पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, हलक्या प्रतीचा एलईडी दिवा किंवा इन्व्हर्टर.
• माउस हलवला, फाइल उघडली की बदलणारी बारीक चिरचिर: संगणकाच्या आतला विद्युत गोंगाट.
• पाऊस लांबून ऐकू यावा तशी सूंऽऽ: अॅम्प्लिफायरची स्वतःची सळसळ, किंवा व्हॉल्यूमची चुकीची मांडणी.
• बटण फिरवताना किंवा जॅक हलवताना खरखर: धूळ, गंज, सैल जोड.
• गाणं चालू असतानाच तडतड: संगणकाचं सॉफ्टवेअर, किंवा स्पीकरचा फाटलेला पडदा.
• ऑनलाइन मीटिंगमध्ये चढत जाणारी शिट्टी: माइक स्पीकरचाच आवाज पुन्हा पकडतो आहे.

पाच मिनिटांची तपासणी

आता पुढच्या पायऱ्या क्रमाने करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर आवाज कशामुळे गेला हे कधीच कळणार नाही.

पहिली पायरी: स्पीकरचं व्हॉल्यूम बटण शून्यावर आणा. गुणगुण तेवढीच राहिली, तर दोष बटणाच्या पुढे, म्हणजे स्पीकरच्या अॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या वीजपुरवठ्याच्या भागात आहे. व्हॉल्यूमबरोबर ती कमी-जास्त झाली, तर आवाज बाहेरून आत येतो आहे.

दुसरी पायरी: स्पीकरचा जॅक संगणकातून काढा आणि मोकळा ठेवा. त्याच्या टोकाला बोट लागलं तर मोठ्याने घूं होईल. ते नैसर्गिक आहे, शरीर ॲन्टेनासारखं वागतं. जॅक हवेत असताना शांतता झाली, तर स्पीकरवरचा संशय बराचसा मिटला.

तिसरी पायरी: तोच जॅक चार्जरला न लावलेल्या मोबाईलमध्ये घाला आणि गाणं लावा. इथे आवाज स्वच्छ असेल, तर स्पीकर आणि वायर दोन्ही धडधाकट आहेत.

चौथी पायरी: लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण एका क्षणात थांबली, तर मूळ अॅडॅप्टरमध्ये किंवा अर्थिंगच्या वाटेत आहे.

पाचवी पायरी: डेस्कटॉप असेल तर पुढचा जॅक सोडून मागच्या हिरव्या जॅकमध्ये पिन लावा. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आतून लांब फिरून येते आणि वाटेत गोंगाट गोळा करते. काही घरांत प्रश्न इथेच संपतो.

घूं घूं आणि अर्थिंगची वाट

सर्वांत जास्त सतावणारी गुणगुण दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये फरक असल्यामुळे येते. संगणक एका सॉकेटवर, स्पीकर दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटवर आणि दोघांना जोडणारी ऑडिओ वायर, असं एक बंद वर्तुळ तयार होतं. दोन्ही टोकांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असला तरी त्या वर्तुळातून ५० हर्ट्झचा बारीक प्रवाह वाहतो आणि अॅम्प्लिफायर तो मोठा करून ऐकवतो.

यावरचा पहिला उपाय फुकट आहे. संगणक, मॉनिटर आणि स्पीकर हे तिन्ही एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या आणि तो बोर्ड एकाच तीन पिनी सॉकेटला लावा.

दुसरा संशयित टीव्हीची केबल. संगणक एचडीएमआयने टीव्हीला किंवा सेट टॉप बॉक्सला जोडलेला असेल, तर इमारतीच्या गच्चीवरून किंवा शेजारच्या इमारतीतून आलेल्या केबलचं जाळीदार आवरण स्वतःचं वेगळं अर्थिंग घेऊन घरात शिरतं. केबलची गोल पिन बॉक्समधून फिरवून काढा. गुणगुण गेली, तर चोर सापडला. अशा वेळी केबलच्या वाटेत आयसोलेटर बसवून घेता येतो.

तिसरा उपाय ऑडिओ वायरमध्ये बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर. यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. ते आवाज पुढे जाऊ देतात, पण दोन्हीकडच्या वायरींचा थेट विद्युत संबंध तोडतात. काहीशे रुपयांत तो मिळतो. फार स्वस्त आयसोलेटर खालचे जाड सूर थोडे खातो, म्हणून परत करता येईल असाच घ्या.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काही जण प्लगची जाड तिसरी पिन मोडून टाकतात किंवा दोन पिनी जोड लावतात. गुणगुण थांबते, आणि काम झालं असं वाटतं. कृपा करून असं करू नका. ती जाड, लांब पिन अर्थिंगची आहे. उपकरणात फेजची वायर कॅबिनेटला टेकली, तर वीज त्या वाटेने जमिनीत जाते आणि फ्यूज किंवा एमसीबी उडतो. ती वाट तोडल्यावर वीज माणसाच्या शरीरातून वाट शोधते. गुणगुणणाऱ्या स्पीकरने कोणाचं नुकसान होत नाही. मोडलेल्या पिनेने जीव जाऊ शकतो.

याच्या उलटही तपासा. संगणकाच्या लोखंडी कॅबिनेटला किंवा लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लागला की झिणझिण्या येतात का? हात लावला की गुणगुण कमी होते का? दोन्हीपैकी एक जरी घडत असेल, तरी अर्थिंग पोचत नसल्याची दाट शक्यता आहे. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की कॅबिनेट पुरवठ्याच्या साधारण निम्म्या, म्हणजे शंभराहून थोड्या जास्त व्होल्टवर तरंगत राहतं. प्रवाह अगदी कमी असतो, म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण तोच प्रवाह ऑडिओ वायरमधून स्पीकरकडेही जातो. दोन पिनी अॅडॅप्टर असलेल्या लॅपटॉपलाही हाच त्रास होतो. त्याला अर्थिंगची पिनच नसते, म्हणून तिथे ऑडिओ वायरमध्ये आयसोलेटर वापरा.

तीन पिनी प्लग असूनही झिणझिण्या येत असतील, तर परवानाधारक वायरमनला बोलावून सॉकेट मोजून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये सुमारे २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये अगदी थोडे व्होल्ट दिसायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये बरेच व्होल्ट दिसले, किंवा फेज आणि अर्थमध्ये फारच कमी दिसले, तर वायरिंग सुधारायलाच हवी. जुन्या पनवेलमधलं वाडवडिलांचं घर असो की नवीन पनवेल, कामोठे, कळंबोलीतली सोसायटी, इमारतीचा अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते विचारून घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात माती ओली असते आणि अर्थिंग चांगलं लागतं. एप्रिल-मेमध्ये माती सुकली की अर्थिंग कमकुवत होतं. उन्हाळ्यात गुणगुण वाढते आणि पावसात कमी होते असं जाणवत असेल, तर खड्ड्याला पाणी घालण्याची आणि जोड तपासण्याची गरज आहे, हे सोसायटीच्या सभेत सांगा.

यूएसबी स्पीकर आणि माउसची चिरचिर

छोटे स्पीकर वीज यूएसबीतून घेतात आणि आवाज ऑडिओ जॅकमधून. दोन्ही वायरी एकाच संगणकातून आल्यामुळे छोटंसं वर्तुळ तयार होतं आणि प्रोसेसर, माउस, हार्ड डिस्क यांची चिरचिर ऐकू येऊ लागते. ताडून पाहण्यासाठी यूएसबीची पिन संगणकातून काढून मोबाईलच्या चांगल्या ५ व्होल्टच्या चार्जरला लावा. चिरचिर गेली, तर तीच मांडणी कायम ठेवा.

एवढ्याने फरक पडला नाही, तर यूएसबीला लावायचं छोटं बाह्य साउंड कार्ड घ्या. त्यामुळे डिजिटल आवाजाचं रूपांतर गोंगाटाने भरलेल्या मदरबोर्डच्या बाहेर होतं. अलिबागला नवी वेधशाळा उभारली, त्यातलाच हा प्रकार.

पंखा, इन्व्हर्टर, मोबाईल

झर्रर्र असा किरकिरा आवाज असेल, तर खोलीतली एकेक वस्तू बंद करत जा. आधी पंख्याचा रेग्युलेटर पाहा. अखंड फिरणाऱ्या बटणाचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची प्रत्येक लाट कापून पंख्याचा वेग कमी करतो. त्या कापण्यातून गोंगाट होतो आणि तो वायरिंगमधून पसरतो. पंखा पूर्ण वेगावर नेल्यावर झर्रर्र नाहीशी झाली, तर गुन्हेगार तोच. टक् टक् पायऱ्यांनी फिरणारा, आत कपॅसिटर असलेला रेग्युलेटर बसवला की हा त्रास जातो.

वीज गेल्यावरच आवाज येतो का, हेही पाहा. स्वस्त इन्व्हर्टर विजेची गोल लाट देत नाहीत, चौकोनी लाट देतात. तिच्या कडा तीक्ष्ण असल्यामुळे स्पीकर, पंखे, ट्यूबलाइट सगळेच गुणगुणतात. संगणकाच्या काही यूपीएसमध्येही बॅटरीवर असताना पायऱ्यापायऱ्यांची लाट येते. नवा इन्व्हर्टर घ्यायचा असेल तेव्हा प्युअर साइन वेव्ह हे शब्द खोक्यावर आहेत ना, हे बघूनच घ्या.

मोबाईलचा आवाज वेगळा ओळखू येतो. फोन येण्याच्या क्षणभर आधी टिट्-टिटिट्-टिट् असं वाजतं. टू-जी नेटवर्कवर फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा छोट्या झटक्यांत संदेश पाठवतो आणि स्पीकरची वायर ते पकडते. फोर-जी आणि फाइव्ह-जीमुळे हा त्रास कमी झाला आहे, पण सिग्नल कमी असलेल्या खोलीत फोन पुन्हा टू-जीवर जाऊ शकतो. फोन स्पीकरपासून हातभर तरी दूर ठेवा. वाय-फाय राउटरही स्पीकरच्या डोक्यावर ठेवू नका.

टेबलामागचा वायरींचा गुंताही सोडवा. ऑडिओ वायर आणि विजेची वायर एकत्र गुंडाळू नका. त्या शेजारी शेजारी धावू न देता काटकोनात ओलांडू द्या. ऑडिओ वायर गरजेपुरती लांब असावी.

पावसाळा आणि खरखर

जूनपासून सप्टेंबरपर्यंत पनवेलची हवा दमट असते. त्याचा परिणाम जॅकवर, व्हॉल्यूमच्या बटणावर आणि स्पीकरच्या पडद्यावर होतो. बटण फिरवताना खरखर होत असेल, तर आतल्या पट्टीवर धूळ आणि ऑक्साइड साचलं आहे. स्पीकर बंद करून प्लग काढा आणि बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. पुष्कळदा एवढ्याने काम होतं. जॅकची पिन मऊ कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. गंज सोडवायचा साधा तेलकट स्प्रे वापरू नका. त्याचा थर राहतो आणि त्यावर आणखी धूळ चिकटते. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, तोच घ्या.

जाड सुरांनाच फडफड होत असेल, तर जाळी काढून पडद्याच्या कडेची गोल पट्टी पाहा. फोमची पट्टी दमट हवेत काही वर्षांत चुरा होते. मात्र त्याआधी टेबलावरचा पेनस्टँड, खिडकीची सैल काच, फोटोची चौकट यांच्यावर एकेक करून हात ठेवा. फडफड त्यांचीही असू शकते.

ढगांचा गडगडाट सुरू झाला की स्पीकर आणि संगणकाचे प्लग काढून ठेवा. केवळ बटण बंद करणं पुरेसं नाही.

सूं सूं, टक् टक् आणि सेटिंग

सूंऽऽ कमी करायला वस्तू विकत घ्यावी लागत नाही. पुष्कळ जण संगणकाचा आवाज वीस टक्क्यांवर ठेवतात आणि स्पीकरचं बटण शेवटपर्यंत फिरवतात. त्यामुळे अॅम्प्लिफायर गाण्याबरोबर सळसळही मोठी करतो. संगणकाचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर न्या आणि स्पीकरचं बटण खाली आणा. फरक लगेच ऐकू येतो.

वापरात नसलेला माइक म्यूट करा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड या वाटेने जा. तुमच्या स्पीकरच्या पानावर ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करून पाहा आणि फॉरमॅट २४ बिट, ४८००० हर्ट्झवर ठेवा. माइकच्या गुणधर्मांमध्ये ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ या पर्यायावर खूण असेल, तर ती काढा.

गाणं सुरू होताना किंवा थांबल्यावर थोड्या वेळाने टक् असा आवाज येत असेल, तर साउंड चिप वीज वाचवण्यासाठी झोपते आणि जागी होते आहे. त्यात बिघाड नाही. तडतड मात्र तपासायला हवी. आधी डाउनलोड केलेली फाइल इंटरनेट बंद करून वाजवा. तडतड थांबली, तर वाय-फाय किंवा नेटवर्कचा ड्रायव्हर प्रोसेसरला वेळेवर मोकळा सोडत नसावा. संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ऑडिओ आणि वाय-फायचे ड्रायव्हर अद्ययावत करा.

ब्लूटूथ स्पीकर तुटक वाजत असेल, तर यूएसबी ३ ला लावलेली हार्ड डिस्क काढून पाहा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि यूएसबी ३ च्या वायरी त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. ब्लूटूथचा डोंगल छोट्या एक्स्टेन्शन वायरने दूर नेला की फरक पडतो.

मीटिंगमधल्या शिट्टीवर एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे हेडफोन. तो नसेल तर स्पीकर माइकपासून लांब ठेवा, आणि आवाज कमी करा.

दुरुस्तीला कधी न्यावं

व्हॉल्यूम शून्यावर आणि जॅक काढलेला असतानाही घूं घूं येत असेल, तर स्पीकरच्या वीजपुरवठ्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकले असण्याची शक्यता मोठी आहे. उष्णतेने त्यांचं आयुष्य घटतं. ढोबळ हिशेबाने तापमान १० अंशांनी वाढलं, की आयुष्य निम्मं होतं. हे काम दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या, कारण प्लग काढल्यावरही आत साठलेली वीज काही वेळ टिकते. बदलताना १०५ अंश लिहिलेला, तेवढ्याच क्षमतेचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा भाग मागा. पनवेलमध्ये न मिळणारा भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळण्याची शक्यता असते.

स्पीकरचा धातूचा भाग शॉक देत असेल, जळका वास येत असेल किंवा प्लग गरम होत असेल, तर कोणतीही तपासणी करत बसू नका. मेन स्विच बंद करून मगच प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. मीटरपर्यंतच्या पुरवठ्यात दोष निघाला, तर महावितरणकडे १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

ही सगळी तपासणी एका निवांत रविवारी होते. तिचं फळ केवळ स्वच्छ गाणं नसतं. फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन ही उपकरणंही त्याच अर्थिंगवर चालतात आणि त्यांच्याजवळ ओल्या हाताने वावरणारी माणसं घरातलीच असतात. ती उपकरणं गुणगुणून सांगत नाहीत. स्पीकरमुळे दोष समजला असेल, तर फक्त स्पीकर शांत करून थांबू नका, घराचं अर्थिंगही दुरुस्त करून घ्या.